नदीसफरीआधीचा एक दिवस, बुडापेस्टमध्ये

हे उत्तर पुण्याच्या एका दांपत्याच्या प्रश्नाला आहे. ते दोघे आणि सत्तरी ओलांडलेले त्यांचे आईवडील असे चौघे जण बुडापेस्टहून जर्मनीतल्या पासाऊपर्यंतच्या सात रात्रींच्या डॅन्यूब सफरीला निघाले आहेत. विमान आदल्या संध्याकाळी पोहोचते, जहाजावरच्या खोल्या दुसऱ्या दिवशी दुपारी ३ नंतर मिळतात आणि जहाज रात्री सुटते. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे, आईवडील दोघेही शाकाहारी आहेत. किल्ला, संसद भवन, मंडई आणि गरम पाण्याची स्नानगृहे एवढे सगळे त्या एका दिवसात बसेल का, आणि सामानाचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सगळे बसणार नाही आणि ते बसवण्याचा हट्टही धरू नये. वीसहून अधिक वर्षे मी मराठी गट घेऊन या नदीकाठी येते आहे आणि सफरीआधीच्या या दिवसाविषयी माझे मत एकच आहे: नदी आणि नदीवरून दिसणारे शहर जहाज आपल्याला दाखवणारच आहे, तेही बसल्या जागी आणि दिवे लागल्यावर, तेव्हा हातातला दिवस जहाजावरून जे कधीच दिसणार नाही त्यासाठी ठेवावा. म्हणजे टेकडीवरचे बुडा, संसद भवनाचा आतला भाग आणि मंडई. या तीनच गोष्टी आणि त्यांच्या मधले अंतर नीट ठरवले, तर आईंच्या गुडघ्यांना न दमवता दिवस पार पडतो आणि दुपारी चार वाजता आपण जहाजावर चहा घेत असता.

आदल्या संध्याकाळी पोहोचण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. मुंबईहून बहुतेक प्रवासी दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे येतात आणि मधल्या विमानतळावर वेळ कमी पडला की माणसे पोहोचतात, बॅगा मागे राहतात. माझ्या गटातल्या एका बाईंची बॅग अशीच मागे राहिली होती. आम्ही सफरीच्या दिवशीच सकाळी उतरलो होतो, त्यामुळे बॅगेची वाट पाहायला शहरात एक रात्रही हाताशी नव्हती. जहाज पुढे निघाले आणि रक्तदाबाच्या गोळ्या असलेली ती बॅग तिसऱ्या दिवशी व्हिएन्नाच्या धक्क्यावर त्यांच्या हातात पडली. तेव्हापासून औषधे, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत, हा माझ्या गटात नियमच आहे.

आता शहराची रचना. डॅन्यूब येथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेच्या काठावर डोंगराळ बुडा, पूर्वेच्या काठावर सपाट पेश्त. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन गावे १८७३ मध्ये एकत्र आली आणि आजचे शहर झाले. स्थानिक माणसे शहराचे नाव 'बुदापेश्त' असे उच्चारतात. टॅक्सीचालकाला पत्ता सांगताना हा 'श' उपयोगी पडतो. हॉटेल पेश्तच्या बाजूला, शक्यतो देआक फेरेंत्स चौकाच्या आसपास घ्यावे. मेट्रोच्या तीन मार्गिका तेथे मिळतात, विमानतळावरून येणारी १०० ई क्रमांकाची बस तेथेच थांबते आणि किल्ल्यावर जाणारी १६ क्रमांकाची बसही तेथूनच सुटते. मात्र १०० ईसाठी वेगळे, जास्त दराचे तिकीट लागते, साधे तिकीट तीत चालत नाही. चौघे आणि चार मोठ्या बॅगा असतील तर बसचा नाद सोडून विमानतळाच्या अधिकृत रांगेतून टॅक्सी घ्यावी. शहरातल्या सगळ्या अधिकृत टॅक्सी पिवळ्या असतात आणि त्यांचे मीटरचे दर ठरवून दिलेले असतात.

सकाळी उठल्याबरोबर पहिले काम सामानाचे. जहाजाच्या खोल्या दुपारनंतर मिळत असल्या तरी बहुतेक नदीजहाजे त्याआधीही बॅगा ठेवून घेतात; सफर कंपनीला आठवडाभर आधी पत्र लिहून ही वेळ विचारून घ्यावी. त्याच पत्रात जहाज नेमके कोणत्या धक्क्यावर उभे असेल हेही विचारावे आणि सफरीच्या दिवशी सकाळी ते पुन्हा पडताळावे. ही सूचना मी उगाच करत नाही. बुडापेस्टमध्ये नदीजहाजांचे धक्के एका जागी नाहीत. पेश्तच्या काठाने साखळी पुलापासून स्वातंत्र्य पुलाच्या पलीकडेपर्यंत ते पसरलेले आहेत आणि काही जहाजे बुडाच्या काठालाही लागतात. एकदा आमच्या कागदपत्रांवर एक धक्का लिहिलेला होता आणि जहाज प्रत्यक्षात जवळजवळ दोन किलोमीटर खाली, समोरच्या काठाला उभे होते. बदल झाल्याचे सफर कंपनीने आम्हाला कळवले नव्हते. बावीस माणसे आणि तीसच्या वर बॅगा घेऊन आम्ही रिकाम्या धक्क्यावर उभे होतो; त्यात ऐंशीचे एक आजोबा होते आणि बसायला एक बाकही नव्हता. त्या दिवसापासून जहाजावरच्या स्वागतकक्षाचा दूरध्वनी क्रमांक घेतल्याशिवाय मी हॉटेल सोडत नाही.

धक्क्याविषयी आणखी एक गोष्ट ज्येष्ठांना आधी सांगून ठेवावी. गर्दीच्या मोसमात जहाजे एकाला एक लावून उभी करतात. आपले जहाज बाहेरच्या बाजूला असेल तर आतल्या जहाजाच्या दालनातून किंवा वरच्या डेकवरून पलीकडे जावे लागते आणि दोन जहाजांमध्ये फूटभर फट असते. खलाशी हात द्यायला उभे असतात, घाबरण्यासारखे काही नाही. पण अंधारात पहिल्यांदा ती फट ओलांडण्यापेक्षा उजेडी ओलांडलेली बरी. दुपारी चारपर्यंत जहाजावर जा, असे मी म्हणते त्याचे हे एक कारण.

सकाळ बुडासाठी ठेवावी. उन्हाळ्यात हंगेरीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाला पहाटे चार-पाचलाच जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटू लागतात. ही अडचण नसून सोय आहे. आठ वाजता आपण टेकडीवर असाल तेव्हा मोठ्या गटांच्या बस अजून आलेल्या नसतात. देआक चौकातून १६ क्रमांकाच्या बसने साखळी पुलावरून थेट वर जावे आणि त्रिमूर्ती चौकाच्या, म्हणजे सेंथारोमशाग तेरच्या थांब्यावर उतरावे. खालून वर तारेने ओढली जाणारी रेल्वे, जिला तेथे 'शिक्लो' म्हणतात, ती १८७० पासूनची आहे आणि मुलांना तिची गंमत वाटते. पण तिला वेगळे तिकीट लागते, दिवसभराचा पास तीत चालत नाही, रांग मोठी असते आणि ती राजवाड्याच्या टोकाला सोडते. तेथून चर्चपर्यंत दगडी फरशीवरून बरेच चालावे लागते. आईंसाठी बसच चांगली.

बसमधून उतरल्यावर समोर मात्याश चर्च दिसते. त्याच्या छतावरची रंगीत कौले पेच गावच्या झोल्नाय कारखान्यात भाजलेली आहेत आणि हिरवी, नारिंगी, तपकिरी अशी त्यांची नक्षी दुरून एखाद्या विणलेल्या चटईसारखी दिसते. येथे घाईने फोटो काढून पुढे जाऊ नये. १५४१ मध्ये बुडा तुर्कांच्या ताब्यात गेले, ते १६८६ पर्यंत त्यांच्याकडेच होते, आणि त्या काळात हे चर्च मशीद म्हणून वापरले जात होते. पुढे १८६७ मध्ये फ्रान्झ योजेफ आणि एलिझाबेथ यांचा हंगेरीचे राजाराणी म्हणून राज्याभिषेक येथेच झाला आणि त्या सोहळ्यासाठी फ्रान्झ लिस्टने खास संगीत रचले. आजचे रूप फ्रिग्येश शुलेक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिलेले आहे. आत गेल्यावर भिंती, खांब आणि कमानी नखशिखांत रंगवलेल्या दिसतात. युरोपातली चर्चे करड्या दगडाची असतात अशा समजुतीने आलेली आपली माणसे येथे हमखास थबकतात. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना दुपारपर्यंत आत सोडत नाहीत, तेवढे पाहून घ्यावे.

चर्चच्या मागेच मच्छीमारांचा बुरूज आहे. नावावरून तो लढाईचा बुरूज वाटतो, पण तो १८९५ ते १९०२ या काळात याच शुलेकने केवळ शोभेसाठी आणि देखाव्यासाठी बांधला. त्याचे सात मनोरे म्हणजे हंगेरीत येऊन वसलेल्या सात मग्यार टोळ्या. वरच्या मजल्याला दिवसा तिकीट असते, पण खालचा सज्जा मोफत आहे आणि तेथून दिसणारा देखावा तसूभरही कमी नाही. वर चढण्यासाठी आईंनी गुडघे झिजवू नयेत.

छायाचित्रांची आवड असेल तर एक बारकावा लक्षात ठेवावा. बुरुजावरून संसद भवन पूर्वेला दिसते, म्हणजे सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो आणि इमारत काळवंडलेली येते. तिची नदीकडची, पश्चिमेची बाजू उजळते ती दुपारनंतर. तेव्हा सकाळी बुरुजावरून नदी आणि पूल डोळ्यांनी पाहून घ्यावेत. संसद भवनाचे खरे छायाचित्र हवे असेल तर ते दुपारी समोरच्या काठावरच्या बॉत्यानी चौकातून काढावे. संसद भवनासमोरच्या कोशुत चौकातून तो मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेने एकच स्थानक आहे. ती नदीच्या तळाखालून जाते. तिचे सरकते जिने लांब आहेत आणि वेगाने चालतात, म्हणून हा फेरा तरुण जोडप्याने एकट्याने मारावा, ज्येष्ठांना वर बाकावर बसवून.

चर्चजवळच रुसवुर्म नावाचे मिठाईचे दुकान आहे, १८२७ पासूनचे. तेथली क्रेमेश, म्हणजे दोन कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये भरलेली कस्टर्डची जाड वडी, खाल्ल्याशिवाय मी टेकडी उतरत नाही. त्यात अंडे असते, हे न खाणाऱ्यांना आधी सांगावे.

राजवाड्यातली संग्रहालये या दिवशी सोडून द्यावीत, ती अर्ध्या तासात पाहण्याजोगी नाहीत. त्याच १६ क्रमांकाच्या बसने खाली यावे आणि पुलाच्या तोंडाशी, क्लार्क आदाम चौकात उतरावे. तेथे शून्याच्या आकाराचे एक दगडी शिल्प आहे. हंगेरीतल्या मुख्य रस्त्यांची अंतरे तेथून मोजतात. चौकाला ज्याचे नाव आहे तो अॅडम क्लार्क हा साखळी पूल उभारणारा स्कॉटिश अभियंता, आणि आराखडा केला तो विल्यम टिअर्नी क्लार्क याने. आडनाव एक असले तरी त्यांचे नाते नव्हते. पुलामागची कथा हंगेरीत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. १८२० च्या डिसेंबरात काउंट इश्तवान सेचेनी याला वडिलांच्या अंत्यविधीसाठी नदी ओलांडायची होती, पण त्या काळी होड्यांवर बांधलेला पूल हिवाळ्यात बर्फामुळे काढून ठेवत असत, आणि त्याला आठवडाभर काठावर अडकून पडावे लागले. तेव्हा त्याने कायमचा पूल बांधण्याचे मनावर घेतले. १८४९ मध्ये पूल खुला झाला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो आणि शहरातले बाकीचे पूलही उडवून दिले, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, हा पूल पुन्हा उभा राहिला. अलीकडच्या दुरुस्तीनंतर खासगी मोटारींना त्यावर बंदी आहे, त्यामुळे चालणे सुखाचे झाले आहे. लांबी पावणेचारशे मीटरच्या आसपास, पूर्ण सपाट. आई चालू शकत असतील तर हा एक पूल पायी ओलांडाच. मध्यावर थांबून खाली पाहिले की पाण्याचा रंग निळा नसून चहात दूध घातल्यासारखा का दिसतो, हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतो. वरून वाहत आलेला गाळ हे त्याचे कारण.

पेश्तच्या बाजूला आलात की संसद भवन. याचे तिकीट हा सगळ्या दिवसाचा एकमेव भाग आहे जो भारतात असतानाच, काही आठवडे आधी, ऑनलाइन घेऊन ठेवावा लागतो. तिकिटावर वेळ छापलेली असते, इंग्रजी मार्गदर्शनाच्या फेऱ्या उन्हाळ्यात आधीच भरतात आणि दारावर तिकीट मिळेल या भरवशावर आलेली माणसे मी शेकड्यांनी परत जाताना पाहिली आहेत. दुपारी १२ च्या आसपासची वेळ घ्यावी. फेरी पाऊण तासाची असते. सुरुवातीला बऱ्याच पायऱ्या आहेत, म्हणून गुडघ्यांचा त्रास असल्याचे तिकीट घेतानाच कळवून लिफ्टची सोय विचारावी. संसदेचे महत्त्वाचे अधिवेशन किंवा राष्ट्रीय सण असेल त्या दिवशी भेट बंद असते.

इम्रे श्टाइन्डलने आराखडा केलेली ही इमारत १८८५ ते १९०४ या काळात बांधली गेली. नदीकाठाने तिची लांबी २६८ मीटर आहे, खोल्या ६९१. घुमटाची उंची ९६ मीटर ठेवली ती मग्यार लोक या भूमीत आले त्या ८९६ सालाची आणि १८९६ मध्ये साजऱ्या झालेल्या सहस्राब्दीची आठवण म्हणून. संत इश्तवानचे बॅसिलिका, म्हणजे शहरातले मोठे चर्च, तेही नेमके ९६ मीटर उंच आहे. श्टाइन्डलची दृष्टी काम चालू असतानाच गेली आणि इमारत पुरी होण्याआधी, १९०२ मध्ये, तो वारला. घुमटाखाली काचेच्या पेटीत हंगेरीचा पवित्र मुकुट ठेवला आहे. त्याच्या शेंड्यावरचा क्रूस एका बाजूला कललेला आहे आणि तो तसाच जपला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा मुकुट अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि १९७८ मध्ये परत आला. तेथे छायाचित्र काढू देत नाहीत.

मला त्या इमारतीतली सर्वांत आवडती जागा मात्र सभागृहाबाहेरचा मार्गिकेचा भाग आहे. तेथे खिडकीजवळ पितळेच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत, त्यांत ओळीने खाचा आणि प्रत्येक खाचेला क्रमांक. सभासद आत भाषण ऐकायला जाताना पेटलेला सिगार आपल्या क्रमांकाच्या खाचेत ठेवून जात आणि भाषण रंगले की सिगार बाहेर जळून राख होत असे. चाळीस किलो सोने वापरलेल्या इमारतीत लोकांच्या लक्षात राहतात त्या या पितळी खाचा, कारण तेथे एकदम माणसे दिसतात. बाबांना त्या नक्की दाखवा.

बाहेर आल्यावर काठाने दक्षिणेकडे सुमारे तीनशे मीटरवर लोखंडी बुटांचे स्मारक आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना काठावर उभे करून गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत वाहू दिली. त्याआधी त्यांना बूट काढायला लावले जात असे, कारण बुटांना किंमत होती. जान तोगाय आणि ज्युला पौअर यांच्या कल्पनेतून २००५ मध्ये येथे त्या काळच्या घडणीचे साठ जोड ओतून बसवले. पुरुषांचे झिजलेले बूट आहेत, टाचेचे बायकांचे आहेत आणि मधेच तळहाताएवढे मुलाचे आहेत. पावसानंतर त्यांत पाणी साचते. कोणीतरी एखाद्या बुटात फूल किंवा मेणबत्ती ठेवून गेलेले असते. माझ्या गटाला मी तेथे काहीही समजावून सांगत नाही. जे सांगायचे ते चौकातच सांगून ठेवते आणि काठावर गप्प राहते. बुटांशेजारी बसून स्वतःचे फोटो काढू नयेत, एवढी विनंती मात्र प्रत्येक गटाला करते. स्मारक खालच्या धक्क्यावर आहे, वाटेत रस्ता आणि ट्रामचे रूळ लागतात. ज्येष्ठांना घेऊन जाताना पादचारी मार्गानेच ओलांडावे.

दुपारचे जेवण हा शाकाहाऱ्यांसाठी विचार करून ठरवण्याचा विषय आहे. हंगेरीचा प्रसिद्ध गुयाश हा रस्सा गोमांसाचा असतो, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते, कारण भाजीचा समजून मागवल्याची उदाहरणे आहेत. भाजीच्या रश्शातही मांसाचा अर्क असू शकतो. विश्वासाने मागवता येतील असे पदार्थ म्हणजे राँतोत शायट, म्हणजे कणीत घोळवून तळलेले चीज, पाप्रिका (लाल मिरचीची पूड) आणि आंबट साय घातलेला मशरूमचा रस्सा, आणि उन्हाळ्यात आंबट चेरीचे थंड सूप. लांगोश हा आपल्या भटुऱ्याचा भाऊ शोभेल असा तळलेला पदार्थ आहे, वर लसूण, आंबट साय आणि किसलेले चीज. तो काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून आधी विचारावे. 'दिस्नोझीर' हा शब्द पाठ करून ठेवला तर विक्रेता मान हलवून हो किंवा नाही सांगतो. आईवडील काटेकोर असतील तर या दिवशी पेश्तमधल्या एखाद्या भारतीय उपाहारगृहात जेवून घेणे मला अधिक पसंत आहे. संध्याकाळपासून जहाजाचे स्वयंपाकघर आहेच आणि त्यांना आहार आधी लेखी कळवलेला असला की ते नीट सांभाळतात.

जेवणानंतर २ क्रमांकाची ट्राम धरावी. ही पेश्तच्या काठाकाठाने जाते आणि केवळ तिच्यात बसून राहणे हासुद्धा पाहण्याचा एक प्रकार आहे. उजवीकडच्या खिडकीतून नदी, पूल आणि राजवाडा सरकत जातात. तिच्या जुन्या पिवळ्या डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत, चढताना आईंना हात द्यावा. तिकीट कागदी असेल तर चढल्याबरोबर पंच करावे. न पंच केलेले तिकीट हाती असले तरी तपासनीस दंड करतो. चौघांसाठी २४ तासांचा पास घेतला की ही काळजी उरत नाही.

फोवाम चौकात उतरलात की मोठी मंडई. पुण्याच्या माणसाला ही वास्तू परकी वाटत नाही. आपली मंडई १८८६ ची, ही १८९७ ची, आणि उंच छताखाली ओळीने गाळे, मधून वाट आणि वर उजेडाच्या खिडक्या ही रचना पाहून बाबांना घरची आठवण येईल. तळमजल्यावर पाप्रिकेची दुकाने आहेत. पाकिटावर 'एदेश' लिहिलेले असले तर गोड, 'चीपोश' लिहिलेले असले तर तिखट. सेगेद आणि कालोचा या दोन गावांची पाप्रिका नावाजलेली. एदेश पूड चिमटीत घेऊन वास घ्या: रंग आपल्या ब्याडगीहून गडद, वास किंचित भाजल्यासारखा आणि जिभेवर तिखटपणा जवळजवळ नाहीच. कापडी पिशवीतली शोभेची पूड घेऊ नये, तिला हवा लागून रंग उतरतो. बंद पाकीट घ्यावे आणि त्यावरची तारीख पाहावी. याच पाप्रिकेपासून आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी सेगेदमध्ये क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले. त्यांना १९३७ मध्ये नोबेल मिळाले. मंडई रविवारी बंद असते आणि शनिवारी दुपारी तीनला बंद होते. आपला दिवस शनिवार असेल तर मंडई आधी आणि संसद नंतर, असा क्रम उलटा करावा.

पैशांचे थोडक्यात सांगते. हंगेरी युरोपीय संघात असली तरी चलन फोरिंट आहे, युरो नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालते आणि यंत्राने रुपयांत की फोरिंटमध्ये असे विचारले तर नेहमी फोरिंट निवडावे.

स्नानगृहांविषयी आपण मुद्दाम विचारले आहे. सेचेनी स्नानगृह १९१३ चे आहे, उघड्यावरची त्याची पिवळ्या इमारतीमधली कुंडे सुंदर आहेत आणि तेथे जाणारी मेट्रोची पहिली मार्गिका १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे आहे. पण कपडे बदलणे, डुंबणे, विश्रांती आणि परत येणे यांत सहज अर्धा दिवस जातो, आणि गरम पाण्यानंतर ज्येष्ठांना थकवा येतो. जहाजात चढण्याच्या दिवशी मी ते करू देत नाही. त्याची इच्छा असेल तर हॉटेलची एक रात्र वाढवावी.

चित्रकलेची आवड असलेल्यांसाठी एक उल्लेख करते. अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरात ३० जानेवारी १९१३ रोजी झाला, त्यांची आई हंगेरियन होती. टेकडीवरून खाली पाहताना मी हे नेहमी सांगते आणि भारतीय प्रवाशांची त्या शहराकडे पाहण्याची नजर तेवढ्याने बदलते.

जहाजावर गेल्यावर स्वागतकक्षात पासपोर्ट जमा करून घेतात, ही नेहमीची पद्धत आहे. त्याआधी त्याची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत फोनमध्ये ठेवावी. पासाऊपर्यंतचे सगळे थांबे शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत असल्याने मधे पुन्हा काही लागत नाही. सुरक्षा कवायतीला सर्वांनी हजर राहणे सक्तीचे असते. त्याच्या आधी किंवा नंतर तासभर झोप काढावी, कारण जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि दिवे लागेपर्यंत सव्वानऊ वाजतात, म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबाने मध्यरात्र उलटलेली असते. झोप न घेतलेली माणसे नेमके तेवढेच चुकवतात.

पाण्याच्या पातळीवर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे. २०१३ च्या जूनमध्ये बुडापेस्टला पाणी ८९१ सेंटिमीटरवर गेले होते, तो तेथला उच्चांक. २०२४ च्या सप्टेंबरमध्येही ते ८३० च्या आसपास पोहोचले. अशा वेळी खालचे धक्के पाण्याखाली जातात, २ क्रमांकाची ट्राम बंद होते आणि जहाजे पुलांखालून जाऊ शकत नाहीत. उलट कोरड्या उन्हाळ्यात वरच्या टप्प्यात पाणी इतके उतरते की प्रवाशांना मधल्या गावी दुसऱ्या जहाजावर हलवावे लागते. दोन्हींवर उपाय नसतो, पण पुराच्या दिवसांत धक्का बदलण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून सकाळचा तो फोन चुकवू नये. २० ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. त्या दिवशी नदीवर आतषबाजी असते, काठ आणि पूल वाहनांना बंद होतात, तेव्हा धक्क्यावर दुपारीच पोहोचावे.

रात्री जहाज सुटण्याची घोषणा झाली की खोलीतल्या खिडकीशी बसू नका. जहाज प्रवाहाविरुद्ध, उत्तरेकडे तोंड करून निघते, त्यामुळे संसद भवन उजवीकडे आणि राजवाडा डावीकडे येतो, आणि एका खिडकीतून दोन्ही दिसत नाहीत. वरच्या डेकवर जा. आईंसाठी लिफ्ट वरपर्यंत जाते का ते दुपारीच पाहून ठेवा. बऱ्याच जहाजांत शेवटचा मजला जिन्यानेच चढावा लागतो, तेव्हा थोडे आधी, हळूहळू जा. नदीवरचा वारा जूनमध्येही गार असतो, शाल बरोबर असू द्या. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या लवकर भरतात. साखळी पुलाखालून जाताना सगळे दिवे डोक्यावरून सरकतात, आणि ते मागे पडतात न पडतात तोच उजव्या हाताला संसद भवन पाण्यापर्यंत उजळलेले समोर येते. दुपारी आत पाहिलेला घुमट तो हाच, हे आईबाबांना तेव्हा बोट दाखवून सांगा.